मेल्ड ३.० कॅल्क्युलेटर: रांग लावायला चोख, भविष्य सांगायला कच्चा

सिरोसिसच्या रुग्णाचं नाव यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत गेलं की घरात एकच प्रश्न फिरायला लागतो: ‘मेल्ड किती आला?’ मेल्ड म्हणजे यकृताचा आजार किती गंभीर आहे हे रक्ताच्या रिपोर्टवरून सांगणारा स्कोअर, आणि तो जितका जास्त तितका यादीत नंबर पुढे. फाइलवर पेनाने लिहिलेला तो आकडा ६ ते ४० च्या मधला असतो. तो काढून देणारे कॅल्क्युलेटर इंटरनेटवर फुकट मिळतात. अमेरिकेत अवयववाटप सांभाळणाऱ्या ओपीटीएनच्या संकेतस्थळावर एक आहे, डॉक्टरमंडळी वापरतात तो एमडीकॅल्कवर आहे, आणि ज्या मेयो क्लिनिकमध्ये हे गणित जन्माला आलं त्यांचाही आहे. या सगळ्यांत आज जे सूत्र चालायला हवं त्याचं नाव मेल्ड ३.०. त्याचंच हे परीक्षण.

आधी हातातला कॅल्क्युलेटर नेमका कोणत्या आवृत्तीचा आहे ते ओळखा, कारण जुन्या आवृत्त्या अजून सर्रास फिरतात आणि शीर्षकात नुसतं ‘मेल्ड’ असतं. रकाने मोजा. बिलिरुबिन (कावीळ मोजणारं), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारं) एवढंच विचारत असेल तर तो मूळचा मेल्ड. सोडियमही मागत असेल तर मेल्ड-एनए. त्याशिवाय अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते रक्तातलं प्रथिन) आणि स्त्री की पुरुष हेही विचारलं तर तो ३.०. शंका उरली तर सगळे आकडे निरोगी माणसाचे भरा: बिलिरुबिन १, आयएनआर १, क्रिएटिनिन १, सोडियम १३७, अल्ब्युमिन ३.५. पुरुष निवडल्यावर ६ आणि स्त्री निवडल्यावर ७ आलं तर सूत्र बरोबर बसवलेलं आहे. दोन्हीकडे ६ आलं तर तो जुना आहे.

आवृत्त्या का बदलल्या हे थोडक्यात. २००० साली मेयो क्लिनिकमध्ये हे गणित तयार झालं ते टिप्स नावाच्या प्रक्रियेसाठी, म्हणजे यकृतातून नळी टाकून पोर्टल शिरेचा दाब कमी केल्यावर रुग्ण तीन महिने जगेल का, हे सांगायला. पुढच्याच वर्षी पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी ते सिरोसिसच्या इतर रुग्णांनाही लागू पडतं हे दाखवलं, आणि २७ फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेत यकृताचं वाटप त्यावर चालू झालं. तोवर चाइल्ड-पग गुण, म्हणजे सिरोसिसची तीव्रता मोजायची जुनी पद्धत, आणि यादीतली ‘सीनियॉरिटी’ बघत. चाइल्ड-पगमध्ये पोटातलं पाणी ‘थोडं’ की ‘बरंच’, हे डॉक्टरने ठरवायचं असतं, त्यामुळे ओढाताणीला जागा होती. आधी नाव नोंदवलेला तुलनेने बरा रुग्ण पुढे आणि काल आलेला अत्यवस्थ रुग्ण मागे, असंही व्हायचं. मेल्डने हे दोन्ही मोडून काढलं. तिन्ही आकडे प्रयोगशाळेतले, मताला वाव नाही. जानेवारी २०१६ मध्ये सोडियम आलं, कारण पोटात पाणी साठणाऱ्या रुग्णांचं सोडियम घसरतं आणि जुना मेल्ड त्यांना फारच खाली ठेवायचा. १३ जुलै २०२३ पासून ३.० लागू झाला. त्यामागचं काम स्टॅनफर्डचे डब्ल्यू. रे किम आणि सहकाऱ्यांचं.

बायकांना १.३३ गुण जास्तीचे का, यावर वेटिंग रूममध्ये बरीच कुजबुज ऐकू येते. कारण सरळ आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्त्रीचे स्नायू कमी, म्हणून मूत्रपिंड तितकंच बिघडलेलं असूनही रिपोर्टमध्ये तिचा आकडा कमी दिसतो. मेल्डमध्ये क्रिएटिनिनला भरपूर वजन असल्यामुळे वर्षानुवर्षं बायका यादीत मागे राहिल्या आणि यादीवर असताना जास्त प्रमाणात दगावल्या. हे गुण म्हणजे सवलत नाही, मोजमापातली चूक काही अंशी भरून काढलेली आहे. १२ ते १७ वयाच्या मुलामुलींना हे गुण सरसकट मिळतात. १२ च्या खालच्यांसाठी मेल्ड नाहीच, त्यांचं पेल्ड वेगळं.

सूत्र असं आहे. लॉग म्हणजे इथे नैसर्गिक लॉग:

मेल्ड ३.० = १.३३ (स्त्री असल्यास) + ४.५६ × लॉग(बिलिरुबिन) + ०.८२ × (१३७ − सोडियम) − ०.२४ × (१३७ − सोडियम) × लॉग(बिलिरुबिन) + ९.०९ × लॉग(आयएनआर) + ११.१४ × लॉग(क्रिएटिनिन) + १.८५ × (३.५ − अल्ब्युमिन) − १.८३ × (३.५ − अल्ब्युमिन) × लॉग(क्रिएटिनिन) + ६

उत्तर जवळच्या पूर्णांकात. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन १ च्या खाली असतील तर १ धरायचे. क्रिएटिनिनला वर ३ ची मर्यादा. जुन्या मेल्डमध्ये ती ४ होती. सोडियम १२५ ते १३७ आणि अल्ब्युमिन १.५ ते ३.५ च्या बाहेर गेलं तर काठावरचा आकडा धरला जातो. गेल्या आठवड्यात दोनदा डायलिसिस झालं असेल, किंवा २४ तास संथ डायलिसिस चालू असेल, तर रिपोर्ट काहीही म्हणो, क्रिएटिनिन ३ धरलं जातं. म्हणून डायलिसिसचा रकाना विसरू नका. डायलिसिस संपल्यासंपल्या घेतलेल्या रक्तातलं क्रिएटिनिन छान दिसतं, आणि तो रकाना रिकामा राहिला तर स्कोअर धाडकन खाली येतो.

आता एक रुग्ण घेऊ, कागदावरचाच. बाई, बिलिरुबिन ४.०, आयएनआर १.८, क्रिएटिनिन १.१, सोडियम १३०, अल्ब्युमिन २.६. मूळ मेल्ड १९. मेल्ड-एनए २४. मेल्ड ३.० मध्ये बेरीज २४.९८, म्हणजे २५. हेच आकडे पुरुषाचे असते तर २३.६५, म्हणजे २४. अमेरिकेत २५ आणि २४ मध्ये नुसता एका गुणाचा फरक नसतो. २५ आणि त्यापुढे दर ७ दिवसांनी ताजे रिपोर्ट द्यावे लागतात. १९ ते २४ ला दर ३० दिवसांनी, ११ ते १८ ला दर ९० दिवसांनी, त्याखाली वर्षातून एकदा.

हीच बाई धरून एकेक आकडा हलवून बघा, म्हणजे या यंत्राचा स्वभाव कळतो. पोटातलं पाणी उतरवायच्या गोळ्यांनी क्रिएटिनिन १.१ चं १.४ झालं तर स्कोअर २७. दुसऱ्या लॅबने आयएनआर १.८ ऐवजी २.१ दिला तर २६, १.६ दिला तर २४. सोडियम १२५ पर्यंत घसरलं तर २७. दोन दिवस अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवल्या आणि रिपोर्टमध्ये २.६ चं ३.२ झालं तर २४. यकृत तेच आहे, आणि त्यात काडीचाही फरक पडलेला नाही.

म्हणूनच या कॅल्क्युलेटरबद्दलची बहुतेक तक्रार खरं तर त्यात काय भरलं जातं याबद्दलची असते.

आयएनआर सगळ्यात दगाबाज. तो मुळात वॉरफरिन घेणाऱ्यांचं रक्त किती पातळ झालंय हे जगभर एकाच मापात सांगता यावं म्हणून केलेला. लॅबच्या रसायनाला एक सुधारणेचा आकडा दिलेला असतो, आणि तो वॉरफरिनवाल्या रुग्णांच्या रक्तावरून ठरवलेला असतो. यकृत बिघडल्यावर रक्त गोठवणाऱ्या घटकांची कमतरता वेगळ्या धाटणीची असते, त्यामुळे एकच नमुना दोन लॅबमध्ये दिला तर दोन आयएनआर येऊ शकतात, आणि दोन्ही लॅब आपापल्या परीने बरोबर असतात. उपाय साधा: दर वेळी एकच लॅब. महिन्यातून तीन लॅब बदलून ‘मेल्ड वाढतोय’ म्हणून घाबरण्यात अर्थ नाही. दुसरा घोळ औषधांचा. पोर्टल शिरेत गुठळी असलेल्या सिरोसिसच्या रुग्णाला ॲसिट्रॉम हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयएनआर औषधाने वाढलेला असतो. १.३ चा २.५ झाला की सूत्र इमानदारीत सहा गुण वाढवतं. कॅल्क्युलेटरला औषधाचं नाव भरायला रकाना नाही. उलट बाजूने, कालच प्लाझ्माच्या पिशव्या दिल्या असतील तर आयएनआर काही तासांपुरता सुधारलेला दिसतो. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्यांत व्हिटॅमिन केची कमतरता असते. इंजेक्शन दिल्यावर आयएनआर चटकन उतरला तर आधीचा आकडा यकृताचा नव्हताच.

क्रिएटिनिनचं दुखणं स्नायूंचं, हे वर आलंच. लांबलेल्या सिरोसिसमध्ये दंडाचं आणि मांडीचं मांस झडतं, तेव्हा पुरुषांतही १.० चा आकडा निरोगी मूत्रपिंडाची खात्री देत नाही. शिवाय रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनच्या खाली बारीक अक्षरात पद्धत छापलेली असते, ती वाचा. ‘जॅफे’ असेल आणि बिलिरुबिन खूप चढलेलं असेल तर क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा कमी दाखवलं जाण्याची शक्यता असते, कारण सिरमचा पिवळा रंगच त्या रासायनिक क्रियेत लुडबुड करतो. ‘एन्झायमॅटिक’ पद्धतीला हा त्रास बराच कमी. गडद कावीळ असलेल्या रुग्णासाठी एन्झायमॅटिक करणारी लॅब शोधणं वावगं नाही.

सोडियमच्या बाबतीत मधुमेह्यांनी सावध राहावं. साखर ४०० च्या आसपास असेल तर पाणी पेशींतून रक्तात खेचलं जातं आणि सोडियम पाचएकने खाली दिसतं. वरच्या बाईच्या बिलिरुबिनला त्याचे जवळजवळ अडीच गुण होतात, आणि साखर आटोक्यात आली की ते गुण जातात. लॅसिक्स आणि ॲल्डॅक्टोन या पाणी उतरवायच्या गोळ्यांचा डोस नुकताच वाढवला असेल तर सोडियम आणि क्रिएटिनिन दोन्ही एकदम हलतात. तेव्हा लगेच काढलेला मेल्ड आजाराबद्दल कमी आणि गोळ्यांबद्दल जास्त बोलतो.

अल्ब्युमिन ही ३.० मधली नवी भर, आणि आमच्या मते तिथेच सगळ्यात नाजूक जागा आहे. पोटातलं पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं की काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यायची पद्धत आहे. आठ लिटर काढले तर ४८ ते ६४ ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम, म्हणजे अडीच ते तीन बाटल्या. त्यानंतर तपासलेल्या अल्ब्युमिनमध्ये बाटलीचा वाटा किती आणि यकृताने स्वतः केलेलं किती, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून पाणी काढायच्या दिवशीचं रक्त आधी घ्या, पाणी नंतर काढा.

हे सूत्र तयार करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असं नाही. आकडेमोड करून बघितली तर मजेशीर गोष्ट दिसते. अल्ब्युमिनचं वजन क्रिएटिनिन वाढेल तसं कमी होत जातं आणि क्रिएटिनिन २.७५ च्या आसपास ते जवळपास शून्य होतं. म्हणजे डायलिसिसवरच्या रुग्णाला अल्ब्युमिन २ आहे की ३, याने फरक पडत नाही. सोडियमचंही तसंच: बिलिरुबिन १ असताना सोडियमच्या प्रत्येक एककाला ०.८२ गुण, ४ असताना अर्ध्या गुणाच्या आसपास, आणि बिलिरुबिन ३० च्या पुढे गेलं की सोडियमचा प्रभाव संपतो. एवढी गडद कावीळ असलेल्या माणसाचं सोडियम १२६ असूनही मेल्ड का वाढत नाही, असं नातेवाइकांनी विचारलं तर उत्तर हे आहे. कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही.

एककांची गफलत परदेशातल्या मराठी मंडळींना जास्त नडते. इंग्लंड, ऑस्ट्रेलियातले रिपोर्ट मायक्रोमोलमध्ये असतात. बिलिरुबिन ६८ मायक्रोमोल म्हणजे आपलं ४ मिलिग्रॅम, भागाकार १७.१ ने. क्रिएटिनिनला ८८.४ ने भागायचं. अल्ब्युमिन तिथे ग्रॅम प्रतिलिटर असतं, तर २६ चं २.६ करायचं. वरच्या उदाहरणात बिलिरुबिनच्या रकान्यात ६८ तसंच टाकलं तर २५ चा स्कोअर ३३ होतो. तो अशक्य वाटावा असा आकडा नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. एमडीकॅल्कवर एकक बदलायची सोय रकान्याशेजारीच आहे. तिच्यासाठी तरी आम्ही घरच्यांना तो सुचवू. ओपीटीएनचा अधिकृत, नियम बदलला की आधी तिथे बदलणार, म्हणून डॉक्टरांनी पडताळणी तिथे करावी.

आलेल्या आकड्याचा अर्थ काय, इथे हे उत्पादन सर्वाधिक चुकीचं वाचलं जातं. कॅल्क्युलेटरखाली किंवा माहितीपत्रकात एक तक्ता असतो: मेल्ड ९ च्या खाली तर तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण १.९ टक्के, १० ते १९ ला ६ टक्के, २० ते २९ ला १९.६, ३० ते ३९ ला ५२.६, आणि ४० ला ७१.३. हे आकडे खरे आहेत, पण ते २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी यादीच्या अभ्यासातले, मूळ मेल्डचे. मेल्ड ३.० चा २५ आणि मूळ मेल्डचा २५ हे दोन वेगळे रुग्ण. वरच्या बाईचा मूळ मेल्ड १९ आहे हे विसरू नका. नवा आकडा जुन्या तक्त्यात टाकला की ६ टक्क्यांच्या ओळीतून ती थेट १९.६ च्या ओळीत जाते. शिवाय त्या काळच्या आणि आजच्या उपचारांतही फरक आहे. टक्केवारी हवीच असेल तर त्याच आवृत्तीच्या अभ्यासातली घ्यावी.

३.० किती अचूक? २०१६ ते २०१८ या काळात अमेरिकी यादीत आलेल्या रुग्णांवर तो बेतला आणि तपासला. अचूकतेचा निर्देशांक ०.८६९ आला, मेल्ड-एनएचा ०.८६२. साध्या भाषेत: ९० दिवसांत दगावलेला एक आणि जगलेला एक अशा १०० जोड्या घेतल्या तर सुमारे ८७ जोड्यांत दगावलेल्याचा स्कोअर जास्त निघतो. आधीच्यापेक्षा सुधारणा केसभर वाटते. पण यादीवर दगावलेल्यांपैकी, खाली सरकलेले वजा जाता, ८.८ टक्के लोक नव्या सूत्रात वरच्या गटात सरकले असते, म्हणजे त्यांना यकृत मिळायची संधी वाढली असती, आणि त्यांत बायका विशेष. रांग लावायच्या कामात हा फरक मोठा आहे. पण हा निर्देशांक सांगतो तो क्रम. ‘आमच्या पेशंटकडे किती दिवस आहेत’ या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही, आणि कॅल्क्युलेटरने ते दिल्यासारखं दाखवलं तरी धरू नये.

आणि हे यंत्र काय बघतच नाही? पोटातलं पाणी नाही, यकृताच्या बिघाडाने येणारी गुंगी आणि भ्रम नाही, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून होणारा रक्तस्राव नाही. मेल्ड १४, पण दर दहा दिवसांनी सात लिटर पाणी काढावं लागतं आणि महिन्यातून दोनदा माणूस बरळत भरती होतो, असा रुग्ण यादीत तळाशी राहतो. यकृताच्या आजारामुळे फुप्फुसात ऑक्सिजन नीट न मिसळणं, पित्तनलिकेचा वारंवार होणारा जंतुसंसर्ग, यकृताचा कॅन्सर यांचाही मेल्डला पत्ता नसतो. कॅन्सरचा रुग्ण ९ च्या मेल्डवरही वेळेशी शर्यत लावत असतो. म्हणून अमेरिकेत अशांना जास्तीचे ‘एक्सेप्शन’ गुण मिळतात, त्याचे अर्ज २०१९ पासून राष्ट्रीय समिती बघते. हेपॅटोरीनल सिंड्रोममध्ये, म्हणजे यकृताच्या आजाराने मूत्रपिंड बिघडतं तेव्हा, टर्लिप्रेसिन हे औषध चालू केल्यावर क्रिएटिनिन उतरतं, मेल्डही उतरतो, पण रुग्ण तितका सुधारलेला नसतो. उपचार लागू पडल्याची शिक्षा मिळाल्यासारखं हे आहे. सिरोसिसवर अचानक संसर्ग किंवा दारूचा मोठा आघात होऊन एकामागून एक अवयव बंद पडायला लागले, तर मेल्ड धोका कमी दाखवतो. तिथे रक्तदाब, श्वास आणि शुद्ध हेही मोजणारा क्लिफ-सी एसीएलएफ स्कोअर बरा.

अशक्तपणा मोजायचा तर सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेला लिव्हर फ्रेल्टी इंडेक्स पाच मिनिटांचं काम आहे: मुठीची पकड तीनदा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठणं-बसणं, आणि पाय तीन वेगवेगळ्या प्रकारे ठेवून दहा-दहा सेकंद तोल सांभाळणं. पकड मोजायचं यंत्र सोडलं तर खुर्ची आणि घड्याळ पुरतं. मेल्ड सारखा असलेल्या दोघांत कोण आधी कोसळेल, हे यातून बऱ्याचदा दिसतं. ओपीडीत ते क्वचितच केलं जातं, ही आमची तक्रार.

महाराष्ट्रात हा आकडा कशाला लागतो? मरणोत्तर अवयवदानाचं वाटप मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होतं. तुमच्या विभागात क्रम नेमका कसा लावतात, मेल्डला किती किंमत आहे आणि रिपोर्ट किती दिवसांनी नव्याने द्यायचे, हे प्रत्यारोपण समन्वयकाला पहिल्याच भेटीत विचारून लिहून घ्या. अमेरिकेचे नियम इथे जसेच्या तसे लागू धरू नका. भारतात यकृताची बहुसंख्य प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून होतात. तिथे रांगच नसते. प्रश्न असतो तो ‘आत्ता करायचं की थांबायचं’ हा, आणि मेल्ड त्यासाठी बनवलेला नाही, तरी उपयोगी पडतो. २००५ मधल्या अमेरिकी अभ्यासात मेल्ड १५ च्या खाली शस्त्रक्रियेचा धोका थांबण्याच्या धोक्यापेक्षा जास्त निघाला होता. त्यामुळे १५ हा आकडा अजून बोलाचालीत आहे. पण मुलगा किंवा बायको यकृताचा उजवा भाग द्यायला तयार असते तेव्हा तिच्या जिवाचाही हिशेब असतो. दात्याच्या मृत्यूचा धोका साधारण हजारात २ ते ५ सांगितला जातो. त्यामुळे मेल्ड १३ असूनही वारंवार भरती होणाऱ्याचं प्रत्यारोपण करणं योग्य ठरू शकतं, आणि मेल्ड १७ असून दारू सोडल्यापासून महिन्यागणिक उतरत चाललेल्याला थांबवणंही. एकट्या आकड्यापेक्षा तीन महिन्यांची चढ-उतार बघा. तारीख, लॅब, पाचही किमती, आणि आधीच्या चार दिवसांत प्लाझ्मा, अल्ब्युमिन, डायलिसिस किंवा ॲसिट्रॉम झालं का, असा एक कागद ठेवला तर दुसऱ्या डॉक्टरकडे मत घ्यायला जाताना अर्धी फाइल घरी ठेवता येते.

पर्यायांकडे एक नजर. ब्रिटनचा यूकेएल्ड हा तिथला मेल्डसारखा स्कोअर अल्ब्युमिन आणि लिंग बघत नाही. तिथे ४९ गुण हा यादीत यायचा उंबरठा आहे. २०१८ पासून तिथे यकृत देताना न मिळाल्यास काय होईल आणि मिळाल्यास किती आयुष्य वाढेल यातला फरक काढणारा स्कोअर वापरतात. कल्पना चांगली, पण त्यात एवढे घटक आहेत की रुग्णाला आपला क्रम का घसरला ते कळत नाही, आणि तरुणांवर अन्याय होतो अशी टीका त्यावर झाली. एमआयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेलं ओपॉम हे मशीन लर्निंगचं गणित संगणकावरच्या प्रयोगात वर्षाला सुमारे ४१८ मृत्यू वाचवेल असं निघालं. ते कागदावर जिंकतं. पण मेल्डचा हिशेब नातेवाईक साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर पडताळू शकतात, आणि अवयववाटपासारख्या संशयाने भरलेल्या व्यवहारात हा गुण आम्ही फार वरचा मानतो. मेयोच्या संकेतस्थळावर सिरोसिसच्या रुग्णाची हर्निया, पित्ताशय अशी दुसरी शस्त्रक्रिया करण्याचा धोका सांगणारा वेगळा कॅल्क्युलेटर आहे. त्या प्रश्नासाठी तोच उघडा, मेल्ड नको.

एका प्रसंगी यातला कोणताच उघडू नये. आधी यकृताचा आजार नसलेल्या माणसाने उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट किंवा पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचा ढीग पोटात घेतल्यावर, किंवा त्याला काविळीचा झटका येऊन काही दिवसांत बरळणं सुरू झालं, तर ते तीव्र यकृतनिकामी होणं असतं आणि तिथे किंग्ज कॉलेजचे निकष लावतात: आयएनआर साडेसहाच्या वर, रक्ताची आम्लता, काविळीनंतर किती दिवसांनी भ्रम आला, वय १० च्या खाली की ४० च्या वर, अशा गोष्टी. ते गणित डॉक्टर करतील. घरच्यांनी करायचं ते एवढंच, की प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयाला त्याच तासाला फोन लावायचा, आणि विष घेतलं असेल तर त्याची ट्यूब किंवा पाकीट रुग्णासोबत न्यायचं.